पडद्यामागच्या पाच पाठी

रविवारच्या वर्गात दिपाली एक पाय लांब सोडून बसली होती. पोटरीला हळदीनं पिवळी झालेली चिंधी गुंडाळलेली. जोतीराम सरांनी विचारल्यावर तिनं अगदी सहज सांगितलं, की परवा ती आबांच्या शेळ्या वळवायला माळावर गेली होती, तेव्हा एक कुत्रं आलं. भुंकलं नाही, गुरगुरलं नाही. आलं, पोटरीला कडकडून चावलं आणि नाकासमोर पळत सुटलं. जाता जाता वाटेतल्या बाभळीच्या खोडालाही चावलं म्हणे. यावर वर्गातली पोरं हसली आणि दिपालीही हसली.

सर हसले नाहीत. हातातला खडू त्यांनी खाली ठेवला आणि दवाखान्यात कुणी नेलं का, एवढंच विचारलं.

"न्हाय की सर. आबांनी थाळी लावली. अजून दोनदा लावायची हाय."

सोलापूरच्या हद्दवाढीत, टॉवेलच्या कारखान्यांमागे ही वस्ती. सांगोल्याकडून आलेली धनगरांची काही घरं, दुधनीकडचे कन्नड बोलणारे दुकानदार, चार गल्ल्या तेलुगू विणकरांच्या. निवृत्त झाल्यावर सरांनी इथंच घर बांधलं आणि समाजमंदिराच्या ओट्यावर दर रविवारी पोरांना विज्ञान शिकवायला सुरुवात केली. दिपाली त्यांची सगळ्यात चिवट विद्यार्थिनी. उत्तर मिळालं तरी तिचं समाधान होत नसे, ते उत्तर सरांना कुठून कळलं हेही तिला हवं असे.

तिचे आजोबा धुळाआबा अजून शेळ्या राखायचे, पण वस्ती त्यांना ओळखायची ती थाळीमुळं. थाळी काशाची, जेवणाच्या ताटलीपेक्षा लहान, मधोमध खोलगट. ज्याला कुत्रं चावलं त्याला उन्हात बसवायचं, देवाचं नाव घेऊन दोन खांद्यांच्या मध्ये थाळी दाबायची आणि हात काढून घ्यायचा. अंगात इख, म्हणजे विष, असेल तर थाळी पाठीला धरून बसते, इख ओढून घेते आणि ओढून झालं की आपोआप गळून पडते. आठवड्याला एक अशा तीन बैठका. तिसरी होईपर्यंत अंगात थोडं इख राहतंच, म्हणून तोवर थाळी चिकटतेच, असं आबा सांगत. आणि एक कडक पथ्य होतं. थाळी लागल्यावर सुई घ्यायची नाही. पाठीकडं ओढलेलं इख सुईनं उलटं फिरतं आणि डोक्यात चढतं. पूर्वी कारखान्यातल्या एका माणसानं थाळीही लावली आणि सुईही घेतली, तो तडफडून गेला. त्यानं सुई घेतली तेव्हा त्याला पाण्याची भीती वाटायला लागून एक दिवस उलटला होता, ही गोष्ट मात्र कुणी लक्षात ठेवली नाही.

सरांना हे सगळं माहीत होतं. चावणारी बहुतेक कुत्री पिसाळलेली नसतात. त्यांनी चावलेली माणसं थाळी लावली काय, न लावली काय, जगतातच. अशी जगलेली माणसं वस्तीभर हिंडत होती आणि त्यातला प्रत्येक जण थाळीचा साक्षीदार होता. जे मेले ते साक्ष द्यायला उरले नव्हते. पण न भुंकता चावणारं, बाभळीच्या खोडाला दात लावणारं कुत्रं कसलं, हे सरांना कुणी सांगायला नको होतं. पोरीला लवकरात लवकर सुया मिळाल्या तर ती वाचणार होती. त्या आजाराची लक्षणं एकदा दिसली की मग जगातला कुठलाही डॉक्टर काही करू शकत नाही.

वर्ग सुटल्यावर ते तिच्याबरोबर घरी गेले. तिचा बाप भारत टॉवेलच्या कारखान्यात मशीनवर होता. सभ्य माणूस. सरांना खुर्ची दिली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, की थाळी लागली आहे, आता सुई दिली तर पोरगी हातची जाईल, हे तो लहानपणापासून बघत आला आहे. दिपालीच्या आईनं, अंकितानं, मान हलवली. आबा दाराशी बसून तंबाखू मळत होते. सरांनी त्यांना नावं ठेवली नाहीत. कुणाला खोटं पाडून शिकवता येत नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाळलं होतं.

तोडगा दिपालीनंच काढला. "सर, तर्कटे मास्तरांसारखी परीक्षा घ्या की."

तर्कटे मास्तर म्हणजे सरांनीच लिहिलेले. दरवर्षी मुलांच्या एका दिवाळी अंकात सर त्यांची एक रहस्यकथा लिहीत. कुणी बाबा रिकाम्या मडक्यातून आवाज काढायचा, कुणी हात लावून खोटं सोनं ओळखायचा, आणि शेवटच्या पानावर तर्कटे मास्तर सगळ्या गावासमोर परीक्षा मांडायचे. कुणाचे तरी डोळे बांधलेले, मध्ये पडदा, एकसारख्या दिसणाऱ्या वस्तूंची रांग. मग पडदा बाजूला व्हायचा, बाबाचा चेहरा उतरायचा आणि गावातला सगळ्यात हट्टी माणूस पहिली टाळी वाजवायचा. सरांनी असली टाळी स्वतः कधी ऐकली नव्हती. पण इतकी वर्षं ती इतक्या हौसेनं लिहिली होती, की ती कुठंतरी वाजतच असणार असं त्यांना वाटायला लागलं होतं.

आबांनी तंबाखू तोंडात टाकली आणि लगेच कबूल केलं. "घ्या की गुरुजी परीक्षा. माझ्या हातात लबाडी न्हाय." भारतही म्हणाला, की थाळी हरली तर दुसऱ्याच दिवशी पोरीला दवाखान्यात नेतो, शब्द देतो. दुसरी बैठक येत्या रविवारी होती. त्याच दिवशी परीक्षा ठरली. आठवडा वाया जाणार होता. पण आठवड्यानं घेतलेली सुई कधीच न घेतलेल्या सुईपेक्षा लाखपटीनं बरी, असा सरांनी हिशेब केला.

रविवारी सकाळी त्यांनी आधी पोरांना सगळं समजावलं. दिपालीबरोबर तिच्याच वयाच्या, तिच्याच चणीच्या चार मुली पडद्यामागं बसतील. त्या चौघींना कुत्रं चावलेलं नाही. पडदा म्हणजे दोरीवर टाकलेली चादर, तिला पाच भोकं, त्यातून प्रत्येकीच्या पाठीचा ताटलीएवढाच तुकडा दिसेल. आबांचे डोळे बांधलेले असतील.

"आबांना फसवायला डोळे बांधायचे नाहीत," सर म्हणाले. "आपला हात फार लबाड असतो. मनाला जे हवं तेच तो आपल्याला न विचारता करतो. इथं चिकटणार असं वाटलं की तो नकळत जरा जास्त दाबतो. म्हणून हाताला काही कळूच द्यायचं नाही."

महेश्वरी नावाच्या मुलीनं विचारलं, की मग आबांना पडद्यापर्यंत कोण नेणार? सर खूश झाले. तेच तर, ते म्हणाले. नेणाऱ्यालाही कोण कुठं बसलंय हे माहीत नको. माहीत असेल तर तो दिपालीपाशी जरा थबकेल, त्याचा श्वास बदलेल आणि आबांना ते कळेल. म्हणून आबांना किराणा दुकानदार ईश्वरप्पा नेतील आणि मुलींना आत बसवेल दिपालीची आई. मी स्वतःसुद्धा पलीकडे पाठ करून उभा राहणार. सरांवरही विश्वास ठेवायचा नाही, असं सरच सांगत होते, हे पोरांना भारी वाटलं.

दहाच्या उन्हात अर्धी वस्ती ओट्यापुढं जमली. बाकीच्यांतल्या काही मुली पडद्यामागं जाईपर्यंत लंगडी खेळत होत्या. दिपालीला आईनं न्हाऊ-माखू घालून आणलं होतं. ईश्वरप्पांनी आबांचा हात धरला. ते मूळचे गप्प, त्यात आज जबाबदारीनं आणखी गप्प. पहिल्या भोकाशी आबांनी चाचपलं, देवाचं नाव घेतलं, थाळी दाबली आणि हात काढला. थाळी चिकटली. लोकांतून हुंकार उठला. ती ओढून काढावी लागली. दुसऱ्या भोकाशीही थाळी चिकटली. तिसऱ्याशी हात काढताच खाली पडली आणि फरशीवर घणघणली. चौथ्याशीही तशीच पडली. पाचव्याशी पुन्हा चिकटली.

सरांनी पडदा बाजूला केला.

दिपाली चौथी होती.

सरांच्या छातीत हलकं वाटलं. यापेक्षा स्वच्छ निकाल त्यांना मागूनही मिळाला नसता. जिला कुत्रं चावलं तिच्या पाठीला थाळी चिकटली नाही. ज्यांच्या वाऱ्यालाही कुत्रं उभं राहिलं नव्हतं अशा तिघींच्या पाठीला चिकटली. त्यांनी आबांच्या डोळ्यांवरचा रुमाल सोडला आणि हळूच, समजुतीच्या आवाजात, काय झालं ते सांगितलं. आबा थाळीकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरला. कथेत उतरतो अगदी तसाच.

दिपालीनं मान वळवून विचारलं, "सर, मग कोण जिंकलं?"

सरांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी भारत पुढं आला होता. त्यानं पोरीला उचलून खांद्यावर घेतलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता.

"न्हाय चिकटली. तीन बैठकांचं काम एकीतच झालं. पोरीच्या अंगात इख राहिलं न्हाय."

अंकिता जमिनीवर बसून रडायला लागली, आनंदानं. लोक तिच्याभोवती गोळा झाले. सर म्हणत होते, अहो, तसं नाही, थाळीला काही कळत नाही हेच तर दिसलं. पण त्यांचा आवाज पुढं पोचत नव्हता, कारण मागं दुसराच गलका सुरू झाला होता. ज्या तिघींच्या पाठीला थाळी चिकटली होती त्यांच्या आया पोरींची अंगं तपासत होत्या. एकीला आठवलं, की मागच्या महिन्यात गल्लीतल्या कुत्र्यानं हिचा हात चाटला होता. दुसरीच्या पोरीच्या घोट्यावर जुना ओरखडा निघाला. त्यांना अजून थाळीची बैठक लागलेली नव्हती, ही तर नुसती परीक्षा होती, म्हणजे सुई चालणार होती. ईश्वरप्पांनी रिक्षा बोलावली. पाहता पाहता त्या तिन्ही मुली सरकारी दवाखान्याकडं निघून गेल्या. त्यांत महेश्वरीही होती. दुपारी त्या दंडावर सुया घेऊन परत आल्या.

थाळी का पडली तेही सरांना त्याच दिवशी कळलं. दिपालीजवळ वाकल्यावर त्यांना पावडरचा वास आला. सगळ्यांपुढं बसायचं म्हणून आईनं आंघोळीनंतर पाठीला भरपूर पावडर थापली होती. तिची पाठ कोरडी, लंगडी खेळून आलेल्यांच्या पाठी घामानं ओल्या. तिसरी मुलगी खेळायला गेलीच नव्हती. सर हे घेऊन भारतकडं गेले. भारतनं ऐकलं, हसला आणि म्हणाला, की पावडरीनं इख थोडंच जातंय सर.

बरोबर होतं त्याचं. त्या वाक्यात चूक काढायला जागा नव्हती.

परीक्षेत सगळं होतं, फक्त एक गोष्ट राहिली होती. थाळी हरली म्हणजे नेमकं काय झालं, हे सरांनी आधी सगळ्यांच्या तोंडून वदवून घेतलं नव्हतं. त्यांच्या कथांत ते कधी लागलं नव्हतं. तिथं पडदा बाजूला झाला की सगळ्यांना एकच अर्थ दिसायचा, कारण सगळ्यांचे डोळे सरांनीच लिहिलेले असायचे.

धुळाआबा मात्र त्या दिवसापासून बदलले. मंगळवारी ते सरांच्या घरी आले, पायरीवर बसले. मग म्हणाले, की डोळे बांधल्यावर त्यांना पाचही पाठी एकसारख्याच लागल्या. हाताला काही उमगलं नाही. आजवर उमगायचं ते काय होतं, हेच आता कळत नाही. एवढं सांगून ते उठले आणि पोराला, भारतला, समजवायला गेले.

पण ज्यांनी तीस वर्षं सांगितलं की थाळीनंतर सुई घेतली तर माणूस मरतो, त्यांनाच आता ते परत घेता येईना. भारत म्हणाला, आबा थकले, सरांनी त्यांचं डोकं फिरवलं. सरांनी आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना आणलं. त्या दोनदा येऊन गेल्या. दुसऱ्यांदा अंकितानं दारच उघडलं नाही. एका सकाळी आबा नातीचा हात धरून गुपचूप दवाखान्याकडं निघाले. रात्रपाळी करून येणारा भारत त्यांना वाटेत भेटला आणि पोरीला सायकलवर घालून परत घेऊन गेला. बापाशी त्यानं अबोला धरला. वार्षिक परीक्षा संपली तसं दिपालीला माढ्याकडं, मामाच्या वस्तीवर धाडून दिलं. कुठल्या गावी, हे कुणाला सांगितलं नाही.

गाव शोधायला आबांना बरेच दिवस लागले. एसटीनं माढ्याला उतरून, पुढं वडापच्या जीपनं, उसाच्या पट्ट्यातून आबा आणि सर, दोघं म्हातारे, दुपारी त्या वस्तीवर पोचले. दिपाली लिंबाखाली मामेभावंडांना काहीतरी शिकवत बसली होती. धडधाकट. सरांना बघून उठून पळत आली. आबांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि सरांनी मनातल्या मनात म्हटलं, पोचलो.

"जखम भरली की सर," तिनं पोटरी दाखवली. व्रण गुलाबी, स्वच्छ होता. "पण कालपासनं तितं मुंग्या येत्यात. आतनं. खाजवलं तरी जात न्हाईत."

सर खाली वाकले होते, ते तसेच राहिले. भरलेल्या जखमेत मुंग्या येणं ही त्या आजाराची पहिली खूण. हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं आणि कुठल्या पानावर वाचलं होतं तेही त्यांना त्या क्षणी दिसत होतं. दिपाली विचारत होती, की असं का होतं सर?

त्यांनी तिला त्याच जीपमधून दवाखान्यात नेलं, तिथून सोलापूरला. तिसऱ्या दिवशी तिला पंख्याचा वारा सोसेना. पाण्याचा पेला तिनं स्वतःच्या हातानं ओठांपर्यंत नेला आणि गळा आवळल्यासारखी मागं कोसळली. पुन्हा नेला. ती हट्टी होती. चौथ्या दिवशी गेली.

दवाखान्याच्या फाटकापाशी भारत सरांजवळ आला. लोकांना वाटलं अंगावर जातोय. पण तो नुसता उभा राहिला आणि फार हळू बोलला.

"तुमीच दावलं की सर. सगळ्यांम्होरं. तिच्या अंगात इख न्हाय म्हणून."

वस्तीनं तिच्या मरणाचा अर्थ लावायला वेळ घेतला नाही. थाळीची परीक्षा बघितली, डोळे बांधले, तिथंच तिचा गुण गेला, असं काही जण म्हणाले. काहींनी सांगितलं, की तिसऱ्या बैठकीआधी शीव ओलांडायची नसते, पोरगी माढ्याला गेली. सुया घेतलेल्या तिन्ही मुली टुणटुणीत होत्या, आणि थाळीनं त्यांना बरोबर ओळखलं होतं, यावर तर कुणाचंच दुमत नव्हतं. रविवारच्या वर्गाला पोरं येईनाशी झाली. सर मात्र ठरल्या वेळी ओट्यावर जाऊन बसत.

पावसाळा संपता संपता महेश्वरीच्या धाकट्या भावाला कुत्रं चावलं. आई त्याला घेऊन आबांच्या दारात आली. मागोमाग महेश्वरी. सर तिथंच होते. अलीकडं दुपारी ते आबांपाशी येऊन बसत. सरांना वाटलं, आबा आता थाळी फेकून देतील आणि बाईला दवाखान्यात पाठवतील. बाई ऐकणार नव्हती. आबांचा गुण गेला म्हणेल आणि मंगळवेढ्याकडं दुसरा कुणी थाळीवाला शोधेल, तेही सरांना माहीत होतं.

आबांनी आत जाऊन थाळी आणली. पोराला उन्हात बसवलं, घाम येऊ दिला, देवाचं नाव घेतलं आणि थाळी दाबली. चिकटली. आबा तिच्यावर कान टेकवून बराच वेळ बसले.

"इख लई हाय," ते म्हणाले. "एकट्या थाळीला उरकायचं न्हाय. थाळी म्हणती, आत्ताच्या आत्ता सुई. सांगतील तेवढ्या सगळ्या घ्यायच्या. एक जरी चुकवली, तर थाळी उलटंल."

बाईचा चेहरा पांढरा पडला. तिनं पोराला काखेत मारलं आणि सरांकडं वळून विचारलं, की थाळी असं कधी म्हणत नव्हती, हे खरं का? ईश्वरप्पांच्या दुकानापुढं रिक्षा उभी होती. सर काही बोलायच्या आत महेश्वरी पुढं झाली. तिच्या कपाळावर आठी होती. विचार करताना पडते तशी.

"पण सर, त्या दिवशी थाळी माझ्या पाठीला पण चिकटली होती. मला कुठं कुत्रं चावलं होतं? नुसता हात तर चाटला होता. मग थाळीला काय कळतं?"

त्या रविवारी ओट्यापुढं अर्धी वस्ती उभी असताना सर याच प्रश्नाची वाट बघत होते. तो एकानंही विचारला नव्हता. आता विचारला गेला होता, आणि पोराची आई एक पाय दारात ठेवून सरांच्या तोंडाकडं बघत होती. आबांनी मान खाली घातली होती.

"आधी दवाखान्यात जा," सर महेश्वरीला म्हणाले. "आबा सांगतात तसं कर. भावाबरोबर जा."

"पण सर..."

"जा म्हटलं ना."

इतक्या वर्षांत त्यांनी कुठल्याही पोराला असं गप्प केलं नव्हतं. महेश्वरीनं ओठ मिटले. आईनं तिचा दंड धरून ओढलं, तिघंही रिक्षात बसले आणि रिक्षा कारखान्यांच्या दिशेनं निघाली. पोरगी मागच्या बाजूनं डोकं काढून सरांकडं बघत होती. रागानं नाही. ते उत्तर का देत नाहीत, हे तिला समजून घ्यायचं होतं.